एक्केचाळीस नंबरचा गोटा

बारावीचा निकाल लागला की आमच्या गोंदियाकडे घरोघरी लोणच्याच्या कैऱ्या फोडल्या जातात आणि घरोघरी प्राध्यापक येतात. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला हे सांगितलं तर खरं वाटत नाही. त्यांच्याकडे म्हणे पोरं कॉलेजच्या दारात रांगा लावतात. आमच्याकडे कॉलेज पोरांच्या दारात येतं. वर्गात पोरं कमी झाली तर विषय बंद, विषय बंद झाला तर मास्तर रिकामा. म्हणून ऐन उन्हात प्राध्यापक मंडळी आपसात गावं वाटून घेतात, डोक्याला दुपट्टा गुंडाळतात आणि गाडीला किक मारतात. घरापुढच्या एकाच छपरीत, एकाच खाटेवर, तीन वेगवेगळ्या विषयांचे तीन प्राध्यापक दाटीवाटीने बसून चहा पिताना मी पाहिले आहेत. बिचारे एकमेकांच्या विषयाला वाईटही म्हणू शकत नाहीत. परत जाताना तिघांना एकाच गाडीवर जायचं असतं.

या मंडळींत टेंभरे सर वेगळे ओळखू यायचे, कारण त्यांची स्कूटर डावीकडे कललेली असायची. ते भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि डिक्कीत कायम दगड भरलेले. आमच्याकडे दगडाला गोटा म्हणतात, त्यामुळे सगळ्या तालुक्यात त्यांचं नाव गोटेवाले सर. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. गेल्या हिवाळ्यात ते गेले. यंदा निकाल लागला, कैऱ्या आल्या, बाकीचे प्राध्यापक गाड्या काढून निघाले, आणि मला उगाच खिडकीतून डावीकडे कललेली स्कूटर शोधावीशी वाटू लागली.

मी बँकेत नोकरी करते. पासबुक, पेन्शन, पीककर्ज यांत भूगर्भ कुठेच येत नाही. तरी माझी डिग्री भूगर्भशास्त्राची आहे, आणि ती का आहे हे मला सासरी, माहेरी, ऑफिसात आजवर इतक्या वेळा विचारलं गेलं आहे की माझ्याकडे माणूस पाहून द्यायची उत्तरं तयार आहेत. खरं उत्तर असं की एका दुपारी एक माणूस आमच्या घरी आला आणि त्याने आमचा पाटा चाटला.

आमचं घर गोंदियाजवळच्या मुर्री गावात. बाबूजींची धानाची शेती, मी बारावी सायन्स पास, आणि बाबूजींचं ठरलेलं होतं की पोरीने गणित घ्यायचं. गणितवाल्याला निदान ट्यूशन तरी मिळते, हा त्यांचा हिशेब. सर आले, खाटेवर बसले, पाणी प्यायले. पाणी पिताना ते डोळे मिटायचे आणि घोट जिभेवर घोळवायचे. मग पिशवीतून एक गोटा काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला. राखाडी, ओबडधोबड, एका बाजूला गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका आणि त्यावर काळ्या शाईने लिहिलेला आकडा, एक्केचाळीस. नेलपॉलिश त्यांच्या बायकोचं. काकूंनी नखांना लावलेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण दगडांना मात्र ते नियमाने लागायचं.

मला गोटा देऊन सर बाबूजींशी बोलायला लागले. हीच त्यांची पद्धत. बाकीचे प्राध्यापक पोरांशी गोड बोलायचे. हे पोरांच्या हाती दगड द्यायचे आणि बापाशी बोलायचे.

"सर, गोटे शिकून पोरगी का करन?" बाबूजींनी सरळ विचारलं.

"पान्याचा शोध हाय, खानी हायेत, धरनं हायेत. कामाले तोटा नाई."

"पान्याचं तुमी बोलूच नका, सर. तुमच्या आंगनातली बोर कोरडी गेली म्हनतेत!"

मायने आतून भांडं वाजवलं. घरी आलेल्या प्राध्यापकाला असं बोलतात का, असा त्या भांड्याचा अर्थ होता. पण गोष्ट खरी होती आणि गोंदियाभर झालेली होती. सरांनी स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या शास्त्राने जागा काढून बोर मारली. पांढरी भुकटी निघाली, पाणी नाही. त्याच आठवड्यात शेजाऱ्याने पाणी दाखवणाऱ्या एका पायाळू माणसाला बोलावून, हातावर नारळ फिरवून जागा काढली आणि तिथे पाणी लागलं. तेव्हापासून टेंभरे सरांच्या घरी पाणी शेजाऱ्याच्या नळीने यायचं.

सर मात्र खूश झाले. "गेली ना कोरडी! उत्तर चुकलं माह्यं. विषय नाई चुकला. आन शेजारी चांगला निंगाला, हे का कमी हाय?"

तेवढ्यात सरांची नजर छपरीच्या कोपऱ्यातल्या पाट्यावर गेली. "वा! कुठचा आनला?" म्हणत ते उठले, पाट्यासमोर उकिडवे बसले आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याच्या कडेला त्यांनी जीभ लावली. दगड ओला झाला की त्याचे रंग दिसतात, आणि मातीचा दगड असला तर जिभेला चिकटतो. ही भूगर्भवाल्यांची नेहमीची रीत, हे मला पुढे कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की त्याच पाट्यावर मायने नुकतीच हिरवी मिरची वाटली होती.

"अवो सर, मिरची!" माय धावत बाहेर आली.

सरांचे डोळे भरून आले, कान लाल झाले, पण त्यांनी एक बोट वर करून सगळ्यांना थांबवलं आणि नाकातून पाणी गळत असताना पाट्यातला कुठला दाणा कोणता हे शेवटपर्यंत सांगितलं. मग मायने दिलेला गूळ खाल्ला. बाबूजी इतके हसले की त्यांचा गणिताचा मुद्दा तिथेच कुठेतरी पडला.

जाता जाता सर म्हणाले, "आमच्यात वर्षातून दोनदा बाहेर जावं लागते. सहल नाई म्हनत, फील्डवर्क म्हनतेत. पोरीले पाठवाल ना?"

मी ते ऐकलं. मुर्रीच्या पोरीचं जग तेव्हा घर ते शाळा आणि शाळा ते घर एवढंच होतं. मी भूगर्भशास्त्राला हो म्हटलं ते त्या एका 'बाहेर' शब्दावर, असं मी पुढे बरीच वर्षं लोकांना सांगत आले. सरांची स्कूटर वळणावर दिसेनाशी झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की गोटा माझ्याच मुठीत राहिला आहे. परत मागतील तेव्हा देऊ म्हटलं. त्यांनी कधी मागितला नाही.

कॉलेजात सर जसे घरी तसेच. शर्टाचा खिसा दगडाने लोंबलेला. डब्याच्या पिशवीतच नमुने, त्यामुळे एकदा पोळीच्या घडीत अभ्रक निघाला आणि सरांनी आधी अभ्रक पाहिला, मग पोळी खाल्ली. वर्गात कुणी चुकलं तर ते रागवायचे नाहीत. "हं," म्हणायचे आणि फळा पुसायचे. तो "हं" फार जीवघेणा असायचा. कुणी बरोबर उत्तर दिलं तरी "हं"च, फक्त फळा पुसायचे नाहीत.

इटियाडोह धरणावर नेलं तेव्हा आम्ही सगळे पाण्याकडे तोंड करून फोटो काढत होतो. सर पाण्याकडे पाठ करून उभे. "पानी तर घरच्या बालटीतबी हाय. धरन ज्या टेकडीले बांधलं, ते पाहा ना!" आम्ही टेकडी पाहिली, वळून पुन्हा पाणी पाहिलं. परतताना बसच्या ड्रायव्हरनेच सरांना टेकडीबद्दल विचारलं आणि मग तो सबंध रस्ताभर गाडी इतकी हळू चालवत आला की माझ्या घरी मायने शोधाशोध सुरू केली होती.

आणि नागऱ्याचं शिवमंदिर. तिथे आम्ही दर्शन घेऊन बाहेर आलो तरी सर आतच. पाहिलं तर ते एका जुन्या खांबाच्या अगदी जवळ तोंड नेऊन उभे, आणि पुजारीबुवा मागून ओरडतायत, "ओ सर! देवाचा खांब हाय तो!" सरांनी तिथल्या तिथे हात जोडले आणि डोकं खांबाला टेकवलं. "नमस्कारच करून राह्यलो, महाराज." पुजारीबुवांना पटलं की नाही कोण जाणे, त्यांनी सरांना जरा जास्तच प्रसाद दिला. बाहेर आल्यावर आम्ही विचारलं, सर, चाटला का? सर म्हणाले, "आता देवाच्या दारात खोटं कायले बोलू? राह्यला थोडक्यात."

पहिलं वर्ष संपता संपता प्रयोगशाळेतल्या शिपाईकाकांकडून मला एक गोष्ट कळली. विषय चालू राहायचा तर पहिल्या वर्षाला ठराविक पोरं भरावीच लागायची, आणि आमच्या साली सगळ्यात शेवटचा प्रवेश माझा होता. "तू आली म्हनून डिपार्टमेंट वाचलं, बाई," काका कौतुकाने म्हणाले. मला मात्र ते कौतुक खुपलं. म्हणजे मुर्रीच्या त्या दुपारी सर आले ते माझ्यासाठी की भरतीसाठी? मला मी म्हणून घेतलं, की बसमध्ये शेवटची सीट भरली की कंडक्टर घंटी मारतो तसं? सरांना विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर "हं" म्हणाले असते.

त्याच उन्हाळ्यात पुन्हा एक पोर कमी पडत होतं. सरांनी मला सोबत घेतलं. नमुना म्हणून. गोट्यांसोबत पिशवीत जागा नव्हती म्हणून मागच्या सीटवर, एवढाच फरक. घरोघरी ते मला दाखवायचे, "हे पाहा, मुर्रीची पोरगी. आमच्यातच हाय." आणि मी बाजारात उभ्या केलेल्या बैलासारखी मान डोलवायचे.

शेवटी आमगावकडच्या एका गावात सुनंदा नावाच्या पोरीच्या घरी पोचलो. बाप एकदम तयार. "सर, तुमी म्हनाल ते. जवळचं कॉलेज हाय, घरून येईल-जाईल. मले काई पुसू नका." मी मनात घंटी मारली. सरांनी सुनंदाच्या हातात गोटा दिला. तिने तो पाहिला आणि खाली जमिनीवर ठेवला. सरांनी तो उचलून घेतला. मग त्यांचं लक्ष अंगणातल्या बकरीकडे गेलं. तिच्या मागच्या पायाला बांबूच्या कामट्या लावून लुगड्याची पट्टी बांधलेली होती, अगदी सुबक.

"हे कोनं बांधलं?"

सुनंदाने मान खाली घातली. "मीनं."

"पाय धरते का जमिनीवर?"

"कालपासून टेकून राह्यली थोडा थोडा."

"आन बकरीचंच करतेस, का मानसाचंबी?"

पोरगी पहिल्यांदा वर पाहून बोलली. तिला नर्सिंगला जायचं होतं. बाप नाही म्हणत होता. नर्सिंग म्हणजे नागपूर, नागपूर म्हणजे हॉस्टेल, आणि लोक काय म्हणतील.

पुढे जे झालं त्याने मी खाटेवर बसल्या बसल्या करपले. टेंभरे सरांनी आपल्या विषयाचं नाव काढलं नाही. दुपार कलेपर्यंत ते त्या बापाला नर्सिंगचं सांगत बसले. हॉस्टेल कसं असतं, त्यांच्या मावसबहिणीची पोरगी तिथेच कशी आहे, तिचा फोन नंबर हा घ्या, आत्ताच लावा. आणि शेजारच्या घरच्या फोनवरून त्यांनी लावलाही. बापाने आधी मान हलवली, मग फोनवर त्या पोरीला चार प्रश्न विचारले, मग चहा पुन्हा टाकायला सांगितला. आमच्याकडे चहा पुन्हा टाकला की काम झालं समजायचं.

परतीच्या वाटेवर मला राहवलं नाही. "सर, आपल्याला एकच पाहिजे होती. बाप तर हो म्हणत होता!"

सरांनी स्कूटर थांबवली. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्यांनी रस्त्याच्या कडेचा एक दगड उचलला, जीभ लावली, उन्हात धरला.

"हं," म्हणाले. दगड डिक्कीत टाकला आणि गाडी सुरू केली.

ती जागा भरली नाही. त्या वर्षी पहिल्या वर्षाचा वर्ग झाला नाही, आणि पुढे आम्ही पास होऊन बाहेर पडलो तेव्हा विषय बंद झाला. सरांकडे सगळ्यांना सक्तीचा असलेला पर्यावरणाचा पेपर आला, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी तोच शिकवला. त्या पेपरात दगड कुठे येत नाहीत, सरांनी आणले. कॉमर्सची पोरं दगड चाटताना दिसली म्हणून कुणीतरी तक्रारही केली म्हणे. पण मला त्यांचा राग होता, खरं सांगते. एका पोरीपायी आपलं सगळं घालवलं, आणि आम्ही राहिलो शेवटची तुकडी. मी पुढे बँकेची परीक्षा दिली, लागले, लग्न झालं. गोटा माझ्यासोबत सासरी आला. नवऱ्याने हातोडीऐवजी तोच घेऊन खिळे ठोकले, सासूबाईंनी लोणच्याच्या बरणीवर ठेवून पाहिला, आणि शेवटी तो हॉलच्या खिडकीत, जुन्या वर्तमानपत्रांची थप्पी उडू नये म्हणून बसला.

मागच्या वर्षी माझ्या मुलीचा, पूर्वाचा, बारावीचा निकाल लागला आणि सर दारात हजर. निवृत्त माणूस, विषय बंद, कुणाची जागा भरायची नव्हती. स्कूटर आता बॅटरीवरची, पण कललेली डावीकडेच.

"सर, तुम्ही कशाला उन्हात?" मी म्हटलं.

"सवय हाय. निकाल लागला का पाय थांबत नाई."

माझ्या नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान. त्याचं ठरलेलं, पूर्वाने बीसीए करायचं. पूर्वा एका कोपऱ्यात फुगून बसलेली. सरांनी पिशवीतून गोटा काढून तिच्या हातात दिला आणि नवऱ्याशी सिमेंटच्या भावावर बोलू लागले. पूर्वाने गोटा इकडून तिकडून पाहिला आणि सोफ्याच्या हातावर ठेवून दिला.

सरांनी तो उचलून पिशवीत टाकला. "इले गोट्यात पाठवू नका."

"मंग बीसीए ना, सर?" नवरा खुलला.

"तेबी दिसून नाई राह्यलं. इचारलं का तिले?"

विचारलं नव्हतं. सरांनी विचारलं. पूर्वाने हळूच इतिहास म्हटलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं. आणि मग धीर आलेल्या माझ्या पोरीने, जिला घरात काय बोललेलं बाहेर सांगू नये हे मी कधीच शिकवू शकले नाही, सरांना विचारलं, "सर, एक पूछू? आईले तुमी सीट भरायलेच घेतलं होतं ना? ती हमेशा म्हनते."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. सरांनी पाणी मागितलं, डोळे मिटून एक घोट जिभेवर घोळवला. मग उठले आणि खिडकीकडे गेले. थप्पीवरचा गोटा त्यांनी उचलला, उलटा केला. नेलपॉलिशचा ठिपका पुसट झाला होता, पण होता.

"एक्केचाळीस," ते म्हणाले.

"सर, तो मी द्यायचा राहिला—"

"सीट कमी होती," सर पूर्वाला म्हणाले. "ते खरंच हाय. म्हनूनच गेलो होतो. पन गोटा हाती देल्ला का लेकरं घडीभरात खाली ठेवतेत. कोनी खाटेवर, कोनी बापाच्या हाती. आता तूनं ठेवला तसा. तुही आई? मिरची झाली, गूळ झाला, चहा झाला, मी गाडीवर बसलो, तरी मुठीत धरून उभी! मले मांगाची हिंमत नाई झाली." त्यांनी गोटा पुन्हा थप्पीवर ठेवला, जरा डावीकडे सरकवला. "डिपार्टमेंट बंद झालं तवा सारे गोटे पेटीत भरले. नवे आनले त्याईले नवे नंबर देल्ले. एक्केचाळीस नंबर मीनं कोन्या गोट्याले देल्ला नाई. तो तिच्याकडं हाय म्हनून मले माहीत होतं."

मला रडू आलं. इतकी वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून वाटत राहिलेलं की आपण चुकून कुठल्यातरी विषयात भरले गेलो, ते एका घटकेत गेलं. बँक माझं उत्तर होतं, ते चुकलं असेल-नसेल. विषय माझाच होता. मी चहा ठेवते म्हणून आत गेले आणि चहा उतू जाईपर्यंत बाहेर आले नाही. बाहेर आले तेव्हा नवरा इतिहासवाल्याला पुढे काय मिळतं असं सरांना विचारत होता आणि सर म्हणत होते, "मले नाई माहीत. चहा आला पाहा."

त्या दिवशी सर निघाले तेव्हा मी गॅलरीत उभी होते. हातात गोटा होता, कधी उचलला ते आठवत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्याच्या कामाची गिट्टी पडली होती. त्या ढिगापाशी सरांची गाडी थांबली. त्यांनी वाकून एक खडा उचलला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कुणी बघत नाही याची खात्री केली आणि जीभ लावली. मग उन्हात धरून बराच वेळ पाहिला, खिशात टाकला, आणि कललेली गाडी वळणाआड गेली. तेच त्यांचं शेवटचं दर्शन.

मी मागे वळून पाहिलं. पूर्वा फोनवर मैत्रिणीला इतिहासाचं सांगत होती, नवरा टीव्हीसमोर. मी एक्केचाळीसला हळूच जीभ लावली. राखाडी दगडावर तेवढीच जागा ओली झाली आणि तिच्यात गुलाबी दाणे दिसले.